सेल्फ मारताना व्होल्ट किती?

डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्टिअरिंग आणि एअरबॅगचे दिवे एकदम लागले, तर लगेच खर्चाचा आकडा मांडू नका. तीन वेगळ्या यंत्रणा ठरवून एकाच सकाळी बिघडत नाहीत. त्या तिघींना जे लागतं, तेच कमी पडत असणार. म्हणून पहिला संशय बॅटरीवर.

इथेच गाडीमालक वाद घालतात. "अहो, मीटर लावून पाहिलं. साडेबारा व्होल्ट आहेत, बॅटरी ठणठणीत आहे!" मीटर खोटं बोलत नाही, पण आपण त्याला भलताच प्रश्न विचारलेला असतो. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी साधारण 2.1 व्होल्टचा. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 च्या आसपास दाखवते आणि 12.2 म्हणजे निम्मी उतरली. गाडी काही तास उभी असताना हे आकडे बरोबर आहेत. पण त्यावरून बॅटरी किती भरली आहे तेवढंच कळतं, तिच्यात दम किती उरलाय ते कळत नाही.

बॅटरी जुनी झाली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, आतल्या जाळ्या गंजतात आणि आतला रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, वाढतो. मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, म्हणून त्याला हा रोध दिसत नाही. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, मात्र शंभर-दोनशे अँपिअर ओढतो. रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका जरी वाढला, तरी 200 अँपिअरला तब्बल दोन व्होल्ट आतल्या आत जिरतात. तेव्हा मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा दहाच्या वर राहिला तर ठीक. साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा पाहा. तरीही तेच झालं, तर लोड टेस्टरखाली, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तपासणाऱ्या यंत्राखाली, घ्या.

सेल्फ फिरत नाही, नुसता कट-कट-कट आवाज येतो, तेव्हा हेच चाललेलं असतं. सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच, आत ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. भार गेला की व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो.

आता दिव्यांकडे येऊ. हल्लीच्या गाडीत छोटे छोटे संगणक असतात आणि ते दोन तारांच्या कॅन लाइनवरून एकमेकांशी बोलतात. ही पद्धत बॉशने 1986 मध्ये मांडली. व्होल्टेज घसरलं की सगळे एकदम बंद पडत नाहीत, कोण आधी मान टाकतो तर कोण नंतर. समजा एबीएसचा संगणक क्षणभर रिस्टार्ट झाला. बाकीचे त्याच्या निरोपाची वाट बघतात, तो येत नाही, मग प्रत्येक जण आपापल्या वहीत लिहितो: 'एबीएसशी संपर्क तुटला.' या नोंदी म्हणजेच कोड. पुढे ते वाचायला स्कॅनर लावला की चार-पाच साक्षीदार एबीएसकडे बोट दाखवतात. खरा गुन्हेगार बॅटरी, तिचं नाव कोणीच घेत नाही! मग एबीएसचा महागडा मॉड्यूल, म्हणजे तो संगणकच, बदलला जातो. माझ्या मते हा गाडीचा दोष नाही, घाईचा आहे. कोड टिपून घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज करा, कोड पुसा आणि परत काय येतं ते बघा.

विदर्भातल्या मंडळींसाठी एक सांगतो. बॅटरीचं खरं नुकसान मे महिन्याची उष्णता करते, पण बिंग फुटतं डिसेंबरच्या सकाळी. थंडीत इंजिन जड फिरतं आणि बॅटरीही कमी देते. म्हणून लोक थंडीला बोल लावतात.

नवी बॅटरी घेण्याआधी टर्मिनल आणि अर्थची पट्टी (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणारी) पाहाच. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तेवढे व्होल्ट जोडणीतच जिरताहेत आणि नवी बॅटरीसुद्धा तेच खेळ करील.

आणि चालू इंजिनवर टर्मिनल काढून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) तपासायची जुनी सवय सोडा. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर शंभराच्या घरात उसळू शकतं. जुन्या डिझेल जीपला ते खपून जायचं, कारण जळण्यासारखं तिच्यात फारसं काही नव्हतंच. अल्टरनेटर पाहायचा तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर धरा. बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 च्या दरम्यान आकडा दिसतो, टर्मिनलला हातसुद्धा लावावा लागत नाही.