हिवाळ्यातलं बुडापेस्ट: चार वाजता अंधार पडतो, मग खरी मजा

नमस्कार मंडळी. युरोप म्हटलं की आपल्याकडे मे महिना, मुलांच्या सुट्ट्या, आणि एका बसमधून सात देश असंच डोळ्यासमोर येतं. आज मी बोलणार आहे ते हिवाळ्यातल्या युरोपबद्दल, आणि तेही एकाच शहराबद्दल. पाच-सहा दिवस, एकच हॉटेल, एकदा बॅग उघडली की परत निघेपर्यंत भरायची नाही. शहर आहे हंगेरीची राजधानी बुडापेस्ट. पॅरिस नाही, स्वित्झर्लंड नाही, बुडापेस्टच का, ते सांगतो.

आधी हिवाळ्याची खरी अडचण काय ते बघू. थंडी ही अडचण नाहीच, थंडीचं काय, कपडे घातले की झालं. खरी अडचण उजेडाची. डिसेंबरच्या मध्यावर बुडापेस्टला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आधीच मावळतो, म्हणजे आपल्याकडे लोक दुपारचा चहा घेतात तेव्हा तिकडे रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात. आता ज्यांनी उन्हाळ्याच्या हिशोबाने प्लॅन केलाय, सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी डोंगरावरून व्ह्यू, त्यांची पार वाट लागते, कारण संध्याकाळचा व्ह्यू म्हणजे काळोख, वरून नाश्ता करून बाहेर पडायलाच दहा वाजलेले, मग उरलं काय तर सहा तास. म्हणून हिवाळ्यात शहर असं निवडायचं की ज्याची संध्याकाळ भारी आहे. आणि बुडापेस्टची संध्याकाळ भारी आहे, कारण तिथे जमिनीखालून गरम पाणी येतं.

शहरात शंभराहून जास्त गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्याकडे वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला कुंडं आहेत, लोक जातात, अंघोळ करतात, घरी येतात. बुडापेस्टवाल्यांनी त्यावर राजवाडे बांधलेत. सेचेनी बाथ हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, १९१३ साली उघडला, पिवळ्या रंगाची प्रचंड इमारत आणि मधे उघड्यावर मोठाले तलाव. विहिरीतून पाणी सत्तरच्या वर तापमानाचं येतं, ते गार करून तलावात साधारण अडतीसपर्यंत आणतात. आता डोळ्यासमोर आणा, बाहेर शून्य डिग्री, पाण्यावर वाफेचा एवढा जाड थर की पलीकडचा माणूस दिसत नाही, आणि त्या वाफेत गळ्यापर्यंत पाण्यात बसून म्हातारे आजोबा बुद्धिबळ खेळतायत. फोटोसाठी नाही हो, खरंच खेळतात, एखादी चाल करायला दहा मिनिटं घेतात! उन्हाळ्यात हे बघायला गेलात तर गर्दी आणि ऊन, वाफ नाहीच. हे दृश्य हिवाळ्याचंच. (जाता जाता, ज्या वर्षी हा बाथ उघडला त्याच वर्षी जानेवारीत आपली चित्रकार अमृता शेरगिल याच शहरात जन्मली, आई हंगेरियन होती तिची.)

काही व्यवहाराच्या गोष्टी. दारापासून पाण्यापर्यंतची पंधरा-वीस पावलं ओल्या अंगाने थंडीत चालायची असतात, तेव्हा रबरी चपला आणि मोठा टॉवेल घरूनच न्या, तिथे मिळतं पण उगाच पैसे जातात. पोहायच्या तलावात टोपी लागते, नुसतं बसायच्या तलावात नाही. स्विमसूट लागतोच, कॉटनचे टीशर्ट आणि बर्म्युडा घालून उतरायचा आपला प्रकार चालत नाही, तेव्हा आई-काकूंना आधीच सांगून ठेवा, हल्ली फुल बाह्यांचे चांगले सूट मिळतात. लहान मुलं बरोबर असतील तर तिकीट काढायच्या आधी वयाचा नियम बघा, चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी औषधी पाण्याच्या बाथमधे बंधनं आहेत. बीपी असणाऱ्यांनी वीस मिनिटांच्या वर सलग बसू नका, पाणी छान वाटतं म्हणून माणूस बसून राहतो आणि उठल्यावर गरगरतं. दुसरा एक रुदाश म्हणून बाथ आहे, तुर्कांच्या काळातला, सोळाव्या शतकातला, आत घुमटाखाली अष्टकोनी तलाव, घुमटाला छोटी छोटी भोकं आणि त्यातून येणारा उजेड, आणि गच्चीवर एक गरम तलाव जिथून खाली डॅन्यूब नदी दिसते. माझं विचाराल तर सेचेनी एकदा बघायचा आणि रुदाशला दोनदा जायचं. गेलर्ट नावाचा तिसरा प्रसिद्ध बाथ मात्र ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे, काही वर्षं तरी उघडणार नाही, जुने व्हिडिओ बघून तिथे जाऊन उभे राहू नका.

आता दिवस कसा लावायचा. उजेड असेल तेव्हा बाहेरचं, अंधार पडला की आतलं, एवढंच धोरण. उदाहरणार्थ सेचेनीचा दिवस घ्या. तिथे जायला एक नंबरची मेट्रो, पिवळी, छोटीशी, लाकडी-पितळी धाटणीची स्टेशनं, १८९६ सालची आहे, युरोपातल्या सगळ्यात जुन्या भुयारी रेल्वेंपैकी एक. एवढी उथळ आहे की एक जिना उतरला की प्लॅटफॉर्म. हिरोज स्क्वेअरला उतरायचं, चौक बघायचा, मागे वायदाहुन्याद नावाचा किल्ला आहे, तो दिसतो मध्ययुगीन पण मुळात १८९६ च्या प्रदर्शनासाठी लाकूड-पुठ्ठ्याचा बांधलेला सेट होता, लोकांना इतका आवडला की नंतर दगडात पक्का बांधून टाकला. त्याच्या समोरचं तळं हिवाळ्यात बर्फाचं मैदान होतं, १८७० पासून तिथे स्केटिंग चालतं, स्केट्स भाड्याने मिळतात. स्वतः नाही जमलं तरी कठड्याला टेकून बघायला मजा येते, चार वर्षांची पोरं सुर्रकन जातात आणि मोठी माणसं कठडा सोडत नाहीत. मग साडेतीन-चारला, उजेड जायला लागला की चालत सेचेनी. सगळं दहा मिनिटांच्या अंतरात.

नदीचा दिवस वेगळा ठेवा. डॅन्यूबच्या एका बाजूला बुडा, डोंगर आणि किल्ला, दुसऱ्या बाजूला पेस्ट, सपाट. दुपारी एक-दोनच्या दरम्यान बुडाच्या डोंगरावर जा, तिथे रुसवुर्म नावाचं १८२७ सालचं छोटं केकचं दुकान आहे, क्रीमेश नावाची क्रीमची पेस्ट्री खा, उतरा, १८४९ चा चेन ब्रिज चालत ओलांडा, आणि अंधार पडला की दोन नंबरची ट्राम पकडा. ही साधी सरकारी ट्राम आहे, पण नदीच्या काठाकाठाने जाते, आणि समोर अख्खं पार्लमेंट आणि किल्ला दिव्यांनी पिवळे झालेले, काच पुसत पुसत बघायचं. लोक क्रूझला भरपूर पैसे देतात, द्यावेत बापडे, मी तर ट्रामवर खूश. पार्लमेंट आतून बघायचं असेल तर तिकीट ऑनलाइन आधीच काढा, वेळेचे स्लॉट भरून जातात, आणि युरोपियन युनियनच्या बाहेरच्यांना दर बराच जास्त आहे. आत राजमुकुट आहे, वरचा क्रॉस वाकडा. हा मुकुट दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडे होता, सोन्याच्या साठ्याबरोबर फोर्ट नॉक्समधे ठेवलेला, १९७८ साली परत दिला.

त्याच काठावर लोखंडी बुटांच्या जोड्या मांडलेल्या दिसतील, साठ जोड्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना इथे आणून, बूट काढायला लावून, गोळ्या घालून नदीत ढकललं, त्याचं स्मारक आहे ते, २००५ पासून. त्या बुटांत पाय घालून फोटो काढणारे दिसतात. आपण काढू नये.

खाण्याकडे वळू, कारण मला माहितीये निम्मे श्रोते इथेच कान टवकारतील. शाकाहारी माणूस उपाशी मरेल का? नाही, पण विचारावं लागेल, कारण तिकडे साध्या दिसणाऱ्या भाजीतही डुकराची चरबी असू शकते. लांगोश खा, तळलेली मोठी पुरी, वर लसूण, आंबट क्रीम, किसलेलं चीज, सकाळी एक खाल्ली तर दुपारी भूक लागत नाही. मशरूमचं पाप्रिकाश, म्हणजे लाल मिरचीच्या दाट रश्श्यातले मशरूम, मिळतं. आणि फोझेलेक नावाचा प्रकार आहे, दुधी, पालक, मटार, मसूर असं काहीही शिजवून दाट केलेलं, थेट आपली पातळभाजी, फक्त फोडणी विसरलेली. मसूरवालं एक जानेवारीला आवर्जून खातात, वर्षभर पैसा येतो म्हणे. मांसाहारींना गुलाश आहेच, पण तो तिकडे सूप म्हणून येतो, दाट रस्सा समजून भात मागू नका. सगळ्यात लाल मिरची, पाप्रिका. मिरची मुळात अमेरिकेतली, आपल्याकडे पोर्तुगीजांनी गोव्यात आणली आणि हंगेरीत तुर्कांच्या बाजूने पोचली असं मानतात, आणि गंमत म्हणजे हंगेरीतल्याच सेगेद शहरात काम करणाऱ्या अल्बर्ट सेंट-ग्योर्गी नावाच्या शास्त्रज्ञाने याच पाप्रिकातून ढिगाने व्हिटॅमिन सी काढलं, १९३७ चं नोबेल मिळालं. १८९७ च्या सेंट्रल मार्केटमधून गोड आणि तिखट दोन्ही पाकिटं घ्या, पण कापडी पिशवीतली शोभेची नको, खालच्या मजल्यावर घरगुती गिऱ्हाईक जिथून घेतं तिथून.

तारखा कुठल्या निवडायच्या? ख्रिसमस मार्केट बघायचं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत जा. व्हरश्मार्ती चौकात आणि बॅसिलिका नावाच्या मोठ्या चर्चसमोर मार्केट भरतं, गरम वाइन, निखाऱ्यावर फिरवत भाजलेली, साखर लावलेल्या गोड पावाची पोकळ नळीसारखी क्युर्तोशकलाच, सगळं मस्त, दर टुरिस्टांचे. चोवीस, पंचवीस, सव्वीस मात्र टाळा हो. चोवीसला दुपारनंतर शहर बंद होत जातं, ट्राम-बस कमी होतात, दुकानं बंद, लोक आपापल्या घरी जेवतायत आणि तुम्ही हॉटेलच्या खोलीत थेपले खात. माझी पसंती जानेवारीच्या उत्तरार्धाला, मार्केट नसतं पण हॉटेलं स्वस्त, बाथमधे जागा, ऑपेराची वरच्या मजल्यावरची तिकिटं आरामात मिळतात, आणि १८८४ चं ते ऑपेरा हाउस आतून बघणं हेच निम्मं वसूल. बर्फ पडेलच असं मात्र धरून चालू नका, बरेचदा नुसतं करडं आभाळ आणि भुरभुर पाऊस असतो.

कपड्यांबद्दल एकच सांगतो, एक जाडजूड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ तीन थर न्या, कारण आत सगळीकडे हीटर असतो आणि म्युझियममधे घाम फुटतो. पैसा बूटांवर खर्च करा, ओल्या फरशीवर घसरणार नाहीत असे.

पैशाचं म्हणाल तर हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो. विमानतळावर बदलू नका, आणि एटीएम किंवा कार्ड मशीनने 'रुपयात कापू का' असं विचारलं तर नाही म्हणा, फोरिंटमधेच कापू द्या, नाहीतर त्यांच्या मनाचा रेट लागतो. रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस चार्ज बहुतेक आधीच असतो, वर परत टिप ठेवायची गरज नाही. विमानतळावरून १००ई नंबरची बस थेट शहराच्या मधे सोडते, तिला वेगळं तिकीट लागतं, नेहमीचा पास चालत नाही.

आणि व्हिसा. शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर कोणी जाऊ नका. मोठ्यांना ९० युरो फी, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी, शिवाय ३०,००० युरोचं मेडिकल इन्शुरन्स हवं. ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना ट्रेनने अडीच-पावणेतीन तासांवर आहे म्हणून दोन दिवस तिकडे जायचा मोह होईल, जा, पण मग जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, हे लक्षात ठेवा. जानेवारीत जायचं असेल तर दिवाळीचा फराळ संपायच्या आत अपॉइंटमेंट घेऊन टाका. नमस्कार.