उद्यानकामाचा खर्च मांडणारा माणूस

मित्रहो, आजच्या विषयाला एका छोट्या गणितापासून हात घालतो. आराखड्यावर 100 चौरस मीटरचा एक वाफा दाखवला आहे आणि दोन रोपांत 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे, एवढीच सूचना त्याच्या शेजारी लिहिली आहे. रोपे किती मागवायची? ओळीसमोर ओळ धरून चौकोनी मांडणी केली तर साधारण 1,111 रोपे लागतात. तेच अंतर कायम ठेवून एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवून ओळी एकमेकींच्या जवळ आणल्या, म्हणजे त्रिकोणी मांडणी केली, तर सुमारे 1,283 लागतात. वाफा तोच, अंतर तेच, आणि फरक मात्र 170 हून अधिक रोपांचा. त्यांच्यासोबत तेवढेच खड्डे, तेवढे खत आणि तेवढी मजुरीही वाढते. लँडस्केपिंगच्या खर्चाचा अंदाज करणाऱ्याने दर भरण्याआधी हा प्रश्न रचनाकाराला विचारायचा असतो, आणि या व्यवसायाचे मर्म मला त्या विचारण्यातच दिसते.

कामाचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आराखडे, रोपांच्या याद्या आणि कामाच्या अटी वाचून परिमाणे काढायची, रोपवाटिकांकडून आणि माल पुरवणाऱ्यांकडून दर मागवायचे, प्रत्येक बाबीचे दरपृथक्करण करायचे, म्हणजे तिच्या दरात माल, मजुरी आणि यंत्रांचा खर्च किती ते वेगवेगळे मांडायचे, आणि शेवटी ग्राहकासमोर ठेवण्याजोगी किंमत तयार करायची. ऐकताना हे टेबलावरचे काम वाटते. माझ्या मते मात्र अंदाजपत्रक करणे म्हणजे ते संपूर्ण काम एकदा मनातल्या मनात पार पाडणे: पहिल्या दिवशी कोण येईल, माल कुठे उतरेल, कोणत्या कामानंतर कोणते काम लागेल आणि शेवटच्या दिवशी राडारोडा कोण उचलेल.

नवशिक्याला सर्वांत जास्त फसवते ते मातीकाम. जमिनीतली घट्ट माती खोदून बाहेर काढली की फुगते. किती फुगेल हे मातीच्या जातीवर अवलंबून असले, तरी पाव हिस्सा वाढ धरणे बहुतेक ठिकाणी वावगे ठरत नाही. त्या हिशेबाने 200 घनमीटरचा खड्डा खोदला की वाहून न्यायला 250 घनमीटर माती होते, आणि 10 घनमीटर मावणाऱ्या गाडीच्या 20 फेऱ्यांऐवजी 25 फेऱ्या लागतात. भराव करताना उलटे घडते. सैल माती दाबल्यावर बसते, म्हणून मापापेक्षा जास्त आणावी लागते. उताराचेही तसेच आहे. नकाशा जमिनीकडे सरळ वरून पाहतो. दोन मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढणारा उतार असेल, तर नकाशातले 1,000 चौरस मीटर प्रत्यक्षात सुमारे 1,118 चौरस मीटर भरतात, आणि हिरवळ अंथरायची असते ती त्या उतारावर.

मी या कामात नवखा असताना एका इमारतीमागच्या बागेचे अंदाजपत्रक केले होते. मापे बिनचूक होती, दर ताजे होते आणि मातीकामासाठी मी खोदाईचे छोटे यंत्र धरले होते. काम सुरू झाले त्या सकाळी यंत्र बोळाच्या तोंडाशी येऊन थांबले. मागे जायचा बोळ जेमतेम 90 सेंटिमीटर रुंद होता आणि यंत्र त्याहून रुंद होते. मग सारी खोदाई माणसांनी कुदळ-फावड्याने केली आणि फुगून 60 घनमीटर झालेली माती एकचाकी हातगाड्यांनी बाहेर आणली. अशा एका गाडीत साधारण घनमीटरचा सोळावा हिस्सा मावतो. म्हणजे जवळपास 960 खेपा झाल्या. मजुरांच्या तळहातांना आलेले फोड मी पाहिले आहेत. हा खर्च आणि हे कष्ट माझ्या कागदावर कुठेच नव्हते, कारण ती जागा मी केवळ नकाशावर पाहिली होती. तेव्हापासून टेप घेऊन जागेवर गेल्याशिवाय मी दर लिहीत नाही. वाटेची रुंदी, वरून जाणाऱ्या तारा, मालाची गाडी कुठवर येते आणि पाणी कुठून मिळेल, हे सारे पाहून टिपून ठेवतो.

इमारतीचे अंदाजपत्रक करणाऱ्यापेक्षा आपली वाट वेगळी होते ती रोपांपाशी. वीट लावल्यावर मरत नाही. रोप मरू शकते. लागवडीनंतर काही प्रमाणात मर होतेच, आणि नांग्या भरण्याची, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याची, जबाबदारी कोणावर आहे व ती किती महिन्यांसाठी आहे, हे करारात वाचल्याशिवाय रोपाचा दर ठरवता येत नाही. पाण्याचा हिशेबही असाच मांडावा लागतो. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 1 लिटर. 500 चौरस मीटर हिरवळीला रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचे ठरले, तर दिवसाला 2,500 लिटर आणि देखभालीच्या 90 दिवसांत 2,25,000 लिटर पाणी लागते. ते जागेवर उपलब्ध आहे की गाडीने आणायचे आहे, यावर सगळा आकडा बदलतो. लागवड कडक उन्हाच्या दिवसांत ढकलली गेली, तर पाणीही वाढते आणि मरही वाढते. म्हणून कामाचे वेळापत्रक हातात नसताना केलेला अंदाज मला अपुरा वाटतो.

नफ्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तिथे अनुभवी माणसेही चुकतात. 100 च्या खर्चावर 25 टक्के चढवले की किंमत 125 होते, पण त्या किमतीत नफ्याचा वाटा 20 टक्केच असतो. किमतीच्या 25 टक्के हवे असतील तर खर्चावर 33 टक्क्यांहून थोडे अधिक चढवावे लागते.

या क्षेत्रात स्थापत्य, उद्यानविद्या, कृषी किंवा लँडस्केप आर्किटेक्चर शिकलेली माणसे येतात, तशीच बागेच्या कामावर मुकादम म्हणून वर्षे काढलेलीही येतात. माझा आग्रह एवढाच आहे की, पदवी कोणतीही असो, सुरुवातीचे वर्ष-दोन वर्षे प्रत्यक्ष जागेवर काढावीत. स्प्रेडशीट उत्तम आली पाहिजे, आणि आराखड्यावरून मापे काढणारी सॉफ्टवेअरही शिकून घ्यावीत. ती वेळ फार वाचवतात, मात्र नकाशात न दाखवलेला अडथळा ती दाखवणार नाहीत. पुढे याच वाटेने करार-व्यवस्थापन, प्रकल्प-व्यवस्थापन किंवा स्वतंत्र सल्लागाराचे काम करता येते.

या सगळ्यात सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे स्वतःची नोंदवही. 400 चौरस मीटरवर 7.5 सेंटिमीटर जाडीचे आच्छादन पसरायला 30 घनमीटर माल लागतो, हे कोणीही काढू शकते. तो पसरायला किती माणसांना किती दिवस लागले, पावसाने किती वेळ गेला आणि तुमचा अंदाज कुठे हुकला, हे तुमच्याच वहीत सापडेल. काम संपल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी-शेजारी लिहिण्याचा कंटाळा करू नका. पहिली नोंद करायला नोकरी मिळण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. टेप घेऊन एखाद्या बागेत जा, एक वाफा मोजा, त्यात किती रोपे असतील ते आधी कागदावर काढा, आणि मग वाकून एकेक रोप मोजा.