मुहर्रकच्या वाड्यातले शेख ईसा

नमस्कार मंडळी.

मागच्या शुक्रवारी पाहुण्यांना घेऊन इथं बहरीनमधल्या मुहर्रकला, बहरीनचे जुने शासक शेख ईसा बिन अली यांच्या वाड्यात गेलो होतो. बाहेर उकाड्यानं जीव नकोसा झालेला, पण बादगीरखाली उभं राहिलं की वरच्या मनोऱ्यातला वारा थेट अंगावर उतरतो. पाहुण्यांनी विचारलं, "राजा इथं राहायचा?" तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

१८६९ मध्ये भाऊबंदकीच्या लढाईत त्यांचे वडील मारले गेले. इंग्रजांचं आरमार आलं आणि विशी नुकतीच ओलांडलेल्या ईसांना गादी मिळाली. ती फुकट नव्हती. १८८० आणि १८९२ च्या करारांनी त्यांचे हात बांधले. इंग्रजांच्या संमतीशिवाय दुसऱ्या सत्तेशी संबंध ठेवायचे नाहीत, जमीन द्यायची नाही. आपल्याला हे परकं वाटू नये. आखातातला इंग्रजांचा मुख्य अधिकारी, म्हणजे इराणातल्या बुशहरचा रेसिडेंट, १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. इथले मोती मुंबईला जात, व्यवहार रुपयांत होई. बडोद्याच्या मल्हाररावांना १८७५ मध्ये गादीवरून उतरवणारं हिंदुस्थान सरकारच इथल्या कारभाराचं धनी होतं.

शेख ईसांची पाळी १९२३ च्या मे महिन्यात आली. त्यांनी चौपन्न वर्षं राज्य केलं होतं. मेजर डेली तेव्हा इथले पोलिटिकल एजंट, म्हणजे इंग्रज सरकारचे प्रतिनिधी. इंग्रजांनी भरदरबारात सत्ता मुलाकडे, शेख हमद यांच्याकडे सोपवायला लावली.

इथं मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. म्हाताऱ्या शेखांबद्दल माझा जीव तुटतो, पण बहारना, म्हणजे इथल्या मूळच्या शिया अरब, शेतकऱ्यांवरचे जाचक कर आणि वेठबिगार खरी होती. मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारणारे गडी कर्जात जन्म काढत, तेही खरं. सुधारणा हव्याच होत्या. पण त्यांचा हुकूम परक्याच्या कचेरीतून निघाला, हे शेखांना शेवटपर्यंत मान्य झालं नाही. त्यांनी आपली पदच्युती कधीच कबूल केली नाही.

आणि मुलानंही वडिलांचा मान राखला. कारभार सगळा हमद पाहत, पण स्वतःला ते नायब म्हणवत. आपल्या नायब तहसीलदारातला तोच नायब. १९३२ मध्ये इथल्या जबल दुखान डोंगराच्या पायथ्याशी तेल लागलं, तेव्हाही ते नायबच होते. त्याच वर्षी डिसेंबरात शेख ईसा वारले, त्यानंतर हमद यांनी शासक हे पद घेतलं.