लघवीच्या चार्टमधलं सोडियम

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात येणारं एडीएच हे हॉर्मोन मूत्रपिंडाला पाणी राखायला लावतं. ते कमी पडलं की लघवीवाटे पाणी वाहून जातं आणि रक्तातलं सोडियम चढतं, हा डायबेटिस इन्सिपिडस. जास्त झालं की पाणी अंगात मुरतं आणि सोडियम लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली उतरतं, तो एसआयएडीएच. पिट्युटरीच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांत हे दोन्ही पाठोपाठ दिसतात. सुरुवातीला तासाला अडीचशे-तीनशे मिली, पाण्यासारखी लघवी. पाच-सहा दिवसांनी लघवी एकदम कमी आणि सोडियम खाली. म्हणून कालची डेस्मोप्रेसिनची (एडीएचसारखं काम करणाऱ्या औषधाची) ऑर्डर आज डोळे मिटून पुढे चालवू नका. आधी लघवी आणि आजचं सोडियम बघा, डॉक्टरांशी बोला, मगच डोस द्या.

एसआयएडीएचमध्ये बहुधा दिवसाला 800 ते 1000 मिली पाणी पिण्याचीच परवानगी असते. चहा, पेज, नातेवाइकांनी प्रेमाने आणलेलं नारळपाणी, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं त्यातच धरायचं. तहानलेल्या माणसाला नुसतं ‘नाही’ म्हणू नका. चूळ भरायला द्या, ओठ ओले ठेवा, दिवसाचं पाणी त्याच्याशी बोलून वाटून घ्या. वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर.

आता जिथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते ते सांगते. सोडियम फार कमी होऊन फिट आली, तर 3 टक्के, म्हणजे जास्त मिठाचं सलाईन देतात. पण बरेच दिवस खाली असलेलं सोडियम झपाट्याने चढलं, तर मेंदूच्या पेशींवरचं आवरण सुटतं. माणूस आधी सुधारल्यासारखा दिसतो आणि काही दिवसांनी त्याचं बोलणं, गिळणं जातं. म्हणून 24 तासांत वाढ 8 ते 10 मिलिमोलच्या पुढे जाऊ द्यायची नाही. सोडियम झपाट्याने चढू लागल्याची पहिली खूण युरोबॅगेत, म्हणजे लघवीच्या पिशवीत दिसते. तासाला 40 मिली येणारी लघवी अचानक दीडशे-दोनशे झाली, तर ‘बरं झालं, लघवी सुटली’ म्हणू नका. लगेच कळवा, सोडियम पाठवा. पुढच्या रिपोर्टची वाट पाहण्यात वेळ जातो.

आधीपासून डायबेटिस इन्सिपिडस असलेल्या रुग्णाचा डेस्मोप्रेसिनचा एकही डोस चुकता कामा नये, मग तो हाडाच्या ऑपरेशनसाठी का आलेला असेना. 2009 मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात 22 वर्षांचा तरुण खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्याविना दगावला. त्याची हॉर्मोनची गोळी दिली गेली नव्हती. त्याची अस्वस्थता आक्रस्ताळेपणा समजली गेली, आणि पाण्यासाठी त्याने वॉर्डातून पोलिसांना फोन केला होता. चिडचिड, बडबड, गुंगी असं काही नवं दिसलं, की रुग्णाचा स्वभाव ठरवण्याआधी सोडियम तपासा.

पिट्युटरीचा रुग्ण चौथ्या दिवशी घरी जातो, सोडियम मात्र सातव्या-आठव्या दिवशी घसरू शकतं. डिस्चार्ज कार्डावर सोडियम तपासणीची तारीख घाला. डोकेदुखी, मळमळ, जास्त झोप यांपैकी काही जाणवलं तर त्याच दिवशी यायचं, हे घरच्यांकडून एकदा वदवून घ्या.