आधी टेप, मग बूट

श्रोतेहो, नमस्कार. दिवसभर उभ्याने काम केलं की संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ उमटतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी 26 वर्षं शाळेत शिकवते आहे. गेल्या वर्षी कोथरूडला आमच्या घराजवळ एक रिकव्हरी स्टुडिओ निघाला. तिथे मांडीपर्यंत येणारे हवेचे बूट घालतात. यंत्र सुरू झालं की आधी पाऊल आवळतं, मग पोटरी, मग मांडी. खालून वर. मग सगळं एकदम सैल. अर्ध्या तासाने उठले तेव्हा पाय हलके झाले होते.

पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचं. उभं राहून पोटरी हललीच नाही, की घोट्याशी पाणी साचतं. बूट पोटरीचं काम बाहेरून करतात, एवढंच. लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत आठ-दहा तास उभ्या असणाऱ्या मुली बघितल्या की मला वाटतं, यांना आधी एक स्टूल द्या. केरळने 2018 साली दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय कायद्याने दिली. ते मला फार आवडलं.

आता आत्याची गोष्ट. आत्या 66 वर्षांची, दर वर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालणारी. गेल्या वर्षी दिवे घाटात तिचा पाय मुरगळला. तीन आठवडे पाय बांधून ती पडून होती. नंतर डावा पाय सुजायला लागला. मी म्हटलं, "आत्या, चल, माझ्या त्या बुटांत बसवते."

काउंटरवरची फिजिओ मुलगी बूट आणायला गेलीच नाही. तिने विचारलं, "आजी, सूज एका पायाला की दोन्ही?"

"डाव्याच."

मग तिने टेप काढली. दोन्ही पायांना गुडघ्याखाली सारख्याच अंतरावर खूण केली आणि पोटऱ्या मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटर जास्त. हाताला गरमही लागत होती. ती म्हणाली, "आज नाही. आजच डॉपलर, म्हणजे पायातल्या शिरांची सोनोग्राफी, करून घ्या." आत्या चिडली. "पैसे घे, पण बसव गं बाई!" मुलगी ऐकेना. पैसेही घेतले नाहीत.

संध्याकाळी रिपोर्ट आला. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. बुटांनी पाय आवळला असता तर ती सुटून फुप्फुसात गेली असती, अशी भीती होती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तीन महिने चालल्या. म्हणून पुन्हा सांगते, एका पायाला सूज की दोन्ही, हे आधी बघा. एकाच पायाला असेल, दुखत असेल, गरम लागत असेल, तर बूट नाही, तेल-मालीश नाही, थेट डॉक्टर. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनीही विचारल्याशिवाय बसू नये.

या वर्षी आत्या हडपसरपर्यंतच चालली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली तेव्हा आम्ही पुन्हा स्टुडिओत गेलो. त्याच मुलीने आधी टेप लावली, मग बूट चढवले. हवा भरली, पोटरी आवळली, सैल झाली. आत्याने डोळे मिटले. म्हणाली, "आई काशाच्या वाटीने पाय घासायची ना, तसंच वाटतंय गं."