स्टेशन गेलं, चौक राहिला

सांगलीत रिक्षात बसून नुसतं "स्टेशन" म्हटलं, की रिक्षावाला मागे वळून विचारतो, "स्टेशन का स्टेशन चौक?" या दोन वेगळ्या जागा आहेत. स्टेशन चौकात वसंतदादांचा पुतळा आहे, दिवसभर वर्दळ आहे. रूळ मात्र कुठेच दिसत नाहीत.

ते कुठे गेले, हे सांगायचं तर मिरजेपासून सुरुवात करावी लागते.

पुण्याहून दक्षिणेकडे जाणारी मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेली लाइन मिरजेवरून गेली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरलाही गाडी सुरू झाली. सांगली संस्थानची राजधानी, पण मुख्य मार्गाच्या बाजूला राहिलेली. म्हणून १९०७ मध्ये मिरजेहून सांगलीपर्यंत वेगळा फाटा टाकला गेला. जेमतेम पाच मैलांचा. पण तो थेट गावात यायचा. गाडीतून उतरलं की पेठ चालत गाठता यायची. आजच्या प्रवाशाला हे सुख मिळत नाही.

१९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे मिरजेला येऊन मिळाली. तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे, शेजारची लाइन मीटरगेज. एका लाइनचा डबा दुसरीवर चढणं शक्यच नव्हतं. पंढरपूरकडून आलेलं पोतं पुढे जायचं, तर एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायचं. रुळांच्या रुंदीतला तो फरक मिरजेच्या हमालांनी वर्षानुवर्षं पाठीवर वाहिला. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांचे फोटो भरपूर सापडतात. या पाठींचेही असायला हवे होते.

पश्चिमेला कृष्णा आडवी. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला. दगडी कमानींचा, त्या वेळच्या व्हाइसरॉयचं नाव मिळालेला. सांगलीवाडी आणि पलीकडचा मुलूख पावसाळ्यातही बाजाराला जोडला गेला. सांगलीकर आजही या पुलाशी नदी मोजतात: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका.

मग आली ब्रॉडगेज. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रूळ रुंद झाले आणि सांगली एकदाची मुख्य मार्गावर आली. मुंबईची गाडी आता दारातून जाऊ लागली. गावाचा हा मोठाच फायदा. पण त्याच फेरबदलात तो पाच मैलांचा फाटा बंद झाला, गावातले रूळ गेले, चौकाला स्टेशनचं नाव तेवढं राहिलं, आणि रोज सांगली–मिरज करणारा माणूस रस्त्यावर आला. आमच्या मते या शहरांच्या प्रवासातला सर्वांत मोठा बदल हाच.

तोवर कामाच्या जागाही पसरत चालल्या होत्या. माधवनगरला कापड गिरणी, पुढे मिरज आणि कुपवाडला एमआयडीसी. भोंग्याच्या वेळेला पोचायचं, तर हक्काची एकच गोष्ट: सायकल. हँडलला डबा, कॅरिअरवर सोबतचा गडी डबलसीट, आणि रात्रपाळी असेल तर चाकाला घासत गुरगुरणारा डायनामो. चढ लागला की दिवा उजळायच्या ऐवजी मंदावायचा, कारण पायांचा वेग कमी व्हायचा.

एसटीच्या शहरी बस आल्या, विश्रामबागवरून मिरजेला जा-ये करू लागल्या. बस चुकली की वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी गाडी. दहा माणसांच्या जागेत पंधरा, वरून ड्रायव्हर म्हणणार, "सरका जरा, एकच शीट हाय!" वडाप धोक्याचं होतं, हे बसणाऱ्यालाही कळत होतं. पण पाळी थांबत नाही.

१९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाडची मिळून एक महानगरपालिका झाली. कागदावर एकच शहर.

आता पाळी सुटायची वेळ झालीय. एमआयडीसीच्या फाटकातून मोटारसायकली बाहेर पडताहेत, मागच्या सीटवर दुसरा, कधी तिसराही. त्यांच्या मागून कडेकडेनं एक सायकल येतेय. हँडलला डबा आहे.