कमजोर सिग्नल आधी

मित्रहो, आपल्या गेलेल्या मित्राबद्दल आज मी बोलायचं ठरलं तेव्हा त्याच्या पत्नीने, वहिनींनी, मला एवढंच सांगितलं, "भावजी, ते थोर होते वगैरे म्हणू नका. ते काय करायचे ते सांगा." म्हणून मी तेच सांगणार आहे.

इथे बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी त्याला हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून ओळखतात आणि निम्मी चाळीस मीटरच्या बँडवरून, म्हणजे हॅम या हौशी रेडिओवरून. दोन्हीकडच्यांची गाठ आज पहिल्यांदा पडते आहे. ती त्याच्या हयातीत पडायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. दोन छंदांना वेळ कसा पुरतो, असं लोक त्याला विचारत. तो म्हणायचा, "सूर्यच वाटणी करून देतो."

ते शब्दशः खरं आहे. भल्या पहाटे सात मेगाहर्ट्झवर, म्हणजे त्याच चाळीस मीटरच्या बँडवर, दूरची स्टेशनं ऐकू येतात. ऊन चढलं की वातावरणात उंचावर असलेल्या आयनांबराचा खालचा डी थर जागा होतो आणि आपल्या लहरी शोषून घेतो. मग जवळपासच्या काही शहरांपलीकडे बोलणं जात नाही. पण त्याच उन्हात फुरसुंगीकडची जमीन तापते, गरम हवा वर उठायला लागते आणि ग्लायडरवाल्यांचा दिवस सुरू होतो. संध्याकाळी थर्मल, म्हणजे वर उठणारे ते गरम हवेचे झोत, मरतात, डी थर विरतो, आणि रात्री युरोप पुन्हा ऐकू यायला लागतो. त्यामुळे रविवारी पहाटे तो शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, असे, दुपारी मैदानावर आणि जेवण झाल्यावर पुन्हा शॅकमध्ये. मार्च-एप्रिलमध्ये तर त्याला घरी फोन करण्यात अर्थच नसे.

त्याच्याबरोबर ग्लायडरमध्ये बसणं हा वेगळाच अनुभव होता. जमिनीवरच्या विंचने, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या यंत्राने, ओढून ग्लायडर वर जातो, केबल सुटते, आणि त्यानंतर इंजिनाचा आवाज नाही. पुढे कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, लोकरीचा लाल धागा चिकटवलेला असतो. तो सरळ राहिला तर ग्लायडर हवेत सरळ चाललाय, तिरका झाला तर पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, द्यायचा. मी काटे बघत बसायचो. तो मात्र म्हणायचा, "काटे राहू देत. वारा ऐक." नाक खाली गेलं की कॅनॉपीवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज वाढतो, वर आलं की मंदावतो. वेग तो कानाने धरायचा आणि डोळे बाहेर घारींवर ठेवायचा. पंख न हलवता घार जिथे घिरट्या घालते तिथे हवा वर चढत असते. तिच्या खाली जाऊन, ती फिरते त्याच दिशेने वळायचं. घार आधी आली आहे, तिची वाट अडवायची नाही, हे तो प्रत्येक शिकाऊ पोराला बजावायचा.

हा कान त्याला मोर्सने, म्हणजे टिंब-रेषांच्या संकेतांनी, दिला होता. आमच्या वेळी हॅमच्या ग्रेड टू परवान्यासाठी मिनिटाला ५ शब्दांच्या वेगाने मोर्स घ्यावं आणि पाठवावं लागे. २००३ नंतर आंतरराष्ट्रीय नियमांतली मोर्सची सक्ती गेली. पण त्याची मोर्स पाठवायची की टेबलावरून हलली नाही. पाठवणाऱ्याच्या हातावरून, कॉल साइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, यायच्या आधीच, तो माणूस ओळखायचा.

आता किल्लारीबद्दल. हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. संपर्क तुटलेला होता. हॅम मंडळी सेट घेऊन तिकडे पोहोचली, त्यांत तोही होता. जीपची बॅटरी, दोन लिंबाच्या झाडांमध्ये ताणलेला वीसेक मीटरचा डायपोल अँटेना आणि शंभर पानी वही. वहीत निरोप लिहायचे: गाव, माणसाचं नाव, कोणाला कळवायचं, आणि एक ओळ. पलीकडच्याने तो शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा, मगच पुढचा. घाईत एक आडनाव चुकलं तर कुठल्या घरात काय बातमी जाईल, ते तुम्हीच मनात आणा.

त्या नेटवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या स्टेशनांत, मोठ्या शहरांतली ताकदवान स्टेशनं होती. त्यांचे आवाज खणखणीत यायचे, आणि साहजिकच तेच पुढे घुसायचे. तो त्यांना "स्टँड बाय" म्हणायचा, फ्रिक्वेन्सी मोकळी करायचा आणि विचारायचा, "कमजोर सिग्नल आधी. कोण आहे?" मग खरखरीतून एखादं स्टेशन यायचं. त्याचं म्हणणं साधं होतं. मोठ्या स्टेशनला विजेची चिंता नाही, ते अर्ध्या तासानेही ऐकू येईल. बारक्याची बॅटरी तोवर उतरेल, किंवा बँड फिरेल, म्हणजे लहरी पोहोचेनाशा होतील, आणि त्याचा निरोप राहूनच जाईल.

पुढे क्लबच्या वर्गात तो हीच गोष्ट टेबलावर दाखवायचा. विमानांचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो आणि तो आजही एएम आहे, एफएम नाही. पोरांना नवल वाटायचं, इतकी जुनी पद्धत अजून कशी? तेव्हा आमच्या दोन मीटर बँडवर तो दोन छोटे ट्रान्समीटर लावायचा, एक जोरकस, एक अशक्त. आधी एफएम: दोघे एकदम बोलले की जोरकस तेवढा ऐकू येतो, दुसरा होता याचा पत्ताही लागत नाही. मग एएम: दोन्ही आवाज आणि वर एक शिट्टी. बोलणं नीट कळत नाही, पण दुसरं कोणीतरी बोलतंय हे नक्की कळतं. संकटात सापडलेल्या विमानाच्या बाबतीत तेवढं कळणंही फार मोलाचं असतं. हा प्रयोग मी कित्येकदा पाहिला. अशक्त ट्रान्समीटरला तो एकदाही "खराब" म्हणाला नाही.

हॅमसॅटचे दिवस काहींना आठवत असतील. इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला हा हॅम मंडळींसाठीचा उपग्रह २०१४ पर्यंत चालला. मोजमापाच्या टेपच्या पट्ट्यांचा यागी अँटेना करून तो गच्चीवर उभा राहायचा, आणि सोसायटीतली पोरं आळीपाळीने अँटेना धरायची. स्वतःचा आवाज आकाशातून परत आलेला ऐकल्यावर त्यांतल्या दोघांनी पुढे परवाना काढला. ते दोघेही आज इथे आहेत.

त्याच्या शॅकमध्ये सध्या लॉगबुकांची चळत आणि एक पत्र्याची पेटी आहे. पेटीत उत्तर द्यायची राहिलेली क्यूएसएल कार्डं, म्हणजे रेडिओवर बोलणं झाल्याच्या पोचपावत्या, आहेत. आजारपणात त्याला लिहिणं जमलं नाही. जपान, ब्राझील, युक्रेन, आणि बरीचशी आपल्याच देशातली. वहिनींनी ती क्लबकडे दिली आहेत. त्याच्या लॉगशी ताळा करून प्रत्येकाला उत्तर जाईल, वर तो आता सायलेंट की झाल्याचं, म्हणजे गेल्याचं, लिहून. काम पुढच्या रविवारी सकाळी दहाला, त्याच्याच घरी सुरू करू. त्याचं अक्षर लागतं अशा दोघा-तिघांनी तरी या. पाच वॉटच्या आतल्या, म्हणजे अगदी कमी ताकदीच्या, स्टेशनांची कार्डं मी वेगळी काढून ठेवली आहेत. त्यांची उत्तरं आधी लिहू.